सातव्या वासराचा डोळा

सातव्या वासरानं डावा डोळा मिटला आणि मामांच्या पोटात धस्स झालं. बघायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. दहा दिवसांचं वासरू, कोपऱ्यात दाबून दोन गुडघ्यांत धरलेलं, डोक्यावर माणसाचा अंगठा. ते डोळा मिटणार नाही तर काय गाणं म्हणणार? पण तीस वर्षं ज्यानं वासरांची डोकीच चाचपली, त्याला पापणीचा अर्थ दुसऱ्यानं सांगायला नको होता. आधीच्या सहा वासरांनी डोळे टक्क उघडे ठेवले होते, डोक्यावर अंगठा नाही तर जणू वारा बसलाय. मामा एकेकाला सोडत गेले, 'नाही' म्हणत गेले, आणि डॉक्टरीणबाई पाटीला लावलेल्या कागदावर फुल्या मारत गेल्या. सगळं कसं तेल घातल्यासारखं चाललेलं. आणि हे सातवं. मामांनी अंगठा उचलला, परत टेकवला, जरासा दाबला. परत मिटला. डावाच.

"मामा? सात नंबर?"

"थांबा की जरा."

"काही लागतंय का?"

"घशाला लागतंय. चहा पिऊन येतो."

"आत्ता? मधेच?"

"वासरू काय उडून जाणार आहे का बाई? आलोच."

बाई बघतच राहिल्या. कारण हा माणूस काम अर्ध्यावर टाकून उठलाय असं त्या गोठ्यात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा मोठा मुलगा झाल्याचा निरोप आला होता तेव्हाही मामांनी हातातलं वासरू पुरं केलं, मागचं एक राहिलं होतं तेही केलं, आणि मग हात धुऊन दवाखान्यात गेले. आज मात्र ते गुडघे सैल करून उठले, गमबूट पचक पचक वाजवत धुण्याच्या जागेकडे गेले, नळाशेजारच्या पालथ्या टबावर बसले आणि चहा मागायचंच विसरले.

काम काय, तर शिंगं डागायची. शिंगं म्हणजे तेव्हा शिंगं नसतातच. आठ-दहा दिवसांच्या वासराच्या डोक्यावर, केसांच्या खाली, मसुरीच्या दाण्याएवढा एक कोंब असतो. तो शोधायचा, आणि तापलेली डागणी त्यावर टेकवून मोजून दहा आकडे धरायची. झालं. पुन्हा जन्मभर तिथं शिंग येत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण गोठ्यात दोनशे गाई खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, त्यांत एकीला शिंगं असली तर शेजारणीच्या पोटाचं काही खरं नाही. मामांच्या आधी हे काम करणारा जो म्हातारा होता, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, त्याचा उजवा डोळा असाच एका गाईनं नेला होता. तिची चूक नव्हती, माशी उडवायला तिनं मान हलवली आणि उस्ताद मधे होता. उस्ताद म्हणायचा, "आपण वासराला दहा आकडे रडवतो, म्हणून कुणाची तरी बायको दहा वर्षं रडत नाही." हे वाक्य मामांनी पहिल्या दिवशी ऐकलं आणि गाठीला बांधलं. सुई टोचून डोकं बधिर करायची सोय नंतर आली. ती आली तेव्हा मामांनी कुणाला न सांगता त्या दिवशी घरी पेढे — नाही, पेढेबिढे नाही, दोन पावशेर द्राक्षं नेली होती. बायकोनं विचारलं, "कशाबद्दल?" तर म्हणाले, "सहजच. आज कुणी ओरडलं नाही."

गोठा तसा शहरात नव्हता. गोठा कुठं गेलाही नाही, शहरच चालत चालत त्याच्याकडे आलं. आधी समोर पेट्रोल पंप झाला, मग त्याच्या मागं सात मजल्यांच्या चार इमारती. डागायच्या दिवशी त्या इमारतींच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. केस जळाल्यासारखा, नखं जळाल्यासारखा तो वास. माणसाच्या अंगात मुरला की साबणाला भीक घालत नाही. बसमध्ये मामांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. कितीही गर्दी असली तरी मामा खिडकीशी ऐसपैस बसून जाणार. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट म्हणायचे, मंत्र्यालासुद्धा एवढी जागा मिळत नसेल. घरी बायको दारातच बादली घेऊन उभी. "कपडे इथंच. पुढं पाऊल टाकाल तर बघा." तीस वर्षांत हे वाक्य बदललं नाही, बादली तेवढी तीनदा बदलली. आणि मामा खरं सांगायचं तर सुखी माणूस होता. आपलं एक काम आहे, ते आपल्याइतकं कुणाला येत नाही, ते करून आलं की गरम पाणी आणि बायकोची बोलणी तयार आहेत. याहून माणसाला लागतं काय?

मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई आल्या. वयानं मामांच्या मुलीएवढ्या, उंचीला तिच्याहून कमी, आणि डोक्यात एकच भुणभुण: बिनशिंगाच्या दुधाळ गाई. त्यांनी मामांना याच टबाशेजारी उभं राहून समजावलं होतं. म्हणाल्या, "मामा, प्रत्येक जिवाच्या आत एक लांबलचक चिठ्ठी असते. कान कसे करायचे, शेपूट केवढी करायची, दूध किती द्यायचं, सगळं त्यात लिहिलेलं. त्यात एक ओळ शिंगांची. खाटकाकडच्या काही जातींना मुळात शिंगं येत नाहीत, त्यांची ती ओळ निराळी असते. आम्ही ती ओळ उचलून आपल्या दुधाच्या गाईच्या चिठ्ठीत बसवणार." मामांनी गमबुटावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही लिहिलेलं वरून खोडायचो, तुम्ही लिहितानाच गाळणार." बाई म्हणाल्या, "अगदी तेच." घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "खाटकाच्या गाईची ओळ दुधाच्या गाईत? मग ते प्यायचं की चावायचं?" मामा हसले होते तेव्हा. हसताना मनात कुठं तरी वाटलंही होतं की या बाई शिकल्यासवरलेल्या आहेत, पण गाय ही गाय आहे. दोन वर्षांत कंटाळतील, लग्नबिग्न करतील, जातील. बाईंनी लग्न केलं, पण त्या गेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात बारा वासरं झाली. बाराही कालवडी, बाराही ठणठणीत.

आता ही वासरं खरंच बिनशिंगाची आहेत की नाही, हे कागदावर यायला हवं होतं. चिठ्ठी वाचणारं यंत्र होतं, त्यानं आपलं म्हणणं दिलं होतं. पण वरच्या कचेरीतल्या लोकांचा यंत्रावर एकट्यावर विश्वास नव्हता. त्यांना जाणत्या हाताची साक्ष पाहिजे होती. फोटोत कोंब येत नाही, कारण तेव्हा त्यात हाडच नसतं. केस काढून बघावं तर डोक्यावर डाग असतात, ठिपके असतात, डोळे फसतात. बाईंनी स्वतः हात लावून बघितला होता. म्हणाल्या, "मला तर सगळीकडे लागतंय आणि कुठंच लागत नाही." म्हणून मामा. मामांच्या अंगठ्याला त्या आवारात देवळातल्या घंटेएवढा मान होता. शिकाऊ डॉक्टर यायचे, मामा नुसता अंगठा फिरवून 'इथं' म्हणायचे, आणि तिथं कोंब असायचाच. आणि नियम असा होता, तो बाईंनी सकाळीच वाचून दाखवला होता: बारांतल्या एकाच्याही डोक्यावर कोंब निघाला तर ते वासरू ठेवायचं नाही, विकायचं नाही, कुणाला फुकट द्यायचं नाही. ते धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. त्याला झोपेचं औषध देऊन मागच्या भट्टीत घालायचं. बाकीची अकरा अडकून पडणार, काम दोन वर्षं मागं जाणार. आणि बारांवर बारा 'नाही' आलं, की पुढच्या हंगामापासून सगळा गोठा या जातीचा. म्हणजे डागणी बंद. म्हणजे मामा बंद.

एवढंच असतं तरी मामांनी चहा मागितला नसता. खरं दुखणं निराळंच होतं, आणि ते या जगात एकट्या मामांना माहीत होतं. मामांचा अंगठा मेलेला होता.

चार वर्षं झाली त्याला. डागणीची वायर उघडी पडली होती, हिसका बसला, आणि डागणी कोलमडून उजव्या अंगठ्याच्या पेरावर बसली. दहा आकडे नाही, चारच असतील, पण पुरले. जखम भरली, वर पांढरी गुळगुळीत कातडी आली, दिसायला छान. पण कामावर आल्यावर पहिल्याच वासराच्या डोक्यावर अंगठा ठेवला आणि मामांना कळलं, आपण भिंतीवर हात ठेवलाय. केस नाहीत, कातडी नाही, ऊब नाही, काही नाही. डावा अंगठा आयुष्यभर वासराचा जबडा धरण्यात गेलेला, त्याला कसलं शहाणपण. बोटं तर दोर ओढून ओढून लाकडं झालेली. त्या दिवशी मामांच्या कपाळावरून घाम असा निथळला की वासरानंच तो चाटला. सांगावं का कुणाला? सांगितलं तर काय, फाटकावर खुर्ची देतील, येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहा म्हणतील. आणि मामांची आणि अक्षरांची बोलाचाली दुसरीतच बंद झालेली. आणि तेव्हाच, बधिर करायची सुई टोचायच्या आधी, अंगठा मुकाट फिरत असताना, वासरानं डोळा मिटला. मामांनी अंगठा जरा पुढं नेला, डोळा उघडला. मागं आणला, मिटला. अरेच्चा. कोंब म्हणजे काय, तान्ह्याच्या हिरडीतून येणारा दातच तो, कच्चा, हुळहुळा. दाबला की त्या बाजूची पापणी मिटते. मामांनी डोळ्याच्या साक्षीनं डागणी टेकवली आणि ती बरोबर बसली. त्या दिवसापासून चार वर्षं मामा अंगठा फिरवत होते आणि डोळे वाचत होते. लोक बघायचे अंगठ्याकडे. गारुडी एका हातानं टोपी दाखवतो आणि दुसऱ्या हातानं काम करतो, त्यातली गत. एकही वासरू चुकलं नाही. पण दर वेळी कुणी 'काय अंगठा आहे मामा!' म्हटलं की मामांना आपण कुणाचं तरी उष्टं खातोय असं वाटायचं.

म्हणून ती पापणी. सात नंबरनं डोळा मिटला याचा अर्थ कोंब आहे. चार वर्षांत या खुणेनं दगा दिला नव्हता. मग 'आहे' म्हणायचं होतं, मोकळं व्हायचं होतं. अडलं कुठं? टबावर बसल्या बसल्या मामा नळाच्या थेंबांकडे बघत होते. थेंब फुगायचा, लोंबायचा, पडायचा. आणि मामा आपल्या पोटातलं ते 'धस्स' परत परत काढून बघत होते, जसं जिभेनं हलणारा दात परत परत हलवून बघावा. धस्स झालं ते कशानं? वासराच्या काळजीनं? होती काळजी. एवढंसं लालसर कातडं, ओलं नाक. त्याला भट्टी दाखवायची म्हणजे गंमत आहे का? पण नुसती काळजी नव्हती. त्या धस्समध्ये, अगदी तळाला, साखरेचा एक खडा होता. 'सापडलं!' असं कुणी तरी आत म्हणालं होतं. बारात एक तरी निघालं! म्हणजे अजून दोन वर्षं डागणी, दोन वर्षं अंगठा, बसमधली रिकामी जागा, बायकोची बादली. हे आत कोण बोललं? मामांनी त्याला ओळखायला नकार दिला, पण आवाज ओळखीचाच होता. आणि मग पुढची पायरी त्याहून वाईट: माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. पापणी खरंच मिटली की आपल्याला मिटलेली हवी होती? अंगठा जरा जास्तच दाबला का आपण सातव्याला? पहिल्या सहांना दाबला होता तेवढाच? अंगठ्याला विचारून उपयोग नव्हता. तो मेल्या माणसासारखा गप्प.

एवढ्यात धारवाला आला. हा पलीकडच्या गोठ्यात यंत्रं लावून गाईंच्या धारा काढायचा. चाळिशीचा, तोंडाळ, आणि मामांवर मनापासून जीव असलेला. त्यानं चहाचा पेला मामांच्या हातात कोंबला.

"काय मामा, स्वतःचंच तेरावं जेवायला बसलाय होय?"

"तोंड सांभाळ लेका."

"नाही, म्हटलं, बारा वासरांवर फुली पडली की तुमच्यावर पण एक पडणार. हिशोब सोपा आहे. त्या इमारतीतले लोक खिडक्या उघडून टाळ्या वाजवतील."

"वाजवू देत. टाळ्या कुणाच्या नशिबात असतात?"

"मग अडलंय कुठं? सहा झाली, सहा राहिली. 'नाही, नाही, नाही' म्हणायला काय जड आहे? माझी बायको दिवसभर तेच म्हणते."

मामा हसले नाहीत, तेव्हा धारवाल्याचा चेहरा जरा उतरला. "लागलं का काही?" त्यानं हळू विचारलं. मामांनी चहाचा घोट घेतला. चहा कढत असणार, कारण पेल्यातून वाफ येत होती आणि धारवाल्यानं तो बाहीत धरून आणला होता; मामांच्या अंगठ्याला तो पावसाळ्यातल्या दगडासारखा होता. मामा म्हणाले, "तेच तर कळत नाही ना."

आपण हे वाक्य तोंडातून काढलं हे मामांना जरा उशिरानं कळलं. तीस वर्षांत त्यांनी 'कळत नाही' हे शब्द गोठ्याच्या आवारात वापरले नव्हते. घरी वापरायचे, भरपूर. मोबाईलबद्दल, सुनेच्या नाराजीबद्दल, जमिनीवर झोपलं तर कंबर का दुखते आणि गादीवर झोपलं तरी का दुखते याबद्दल. पण इथं नाही. आणि ते म्हणून झाल्यावर आभाळ कोसळलं नाही. समोरच्या पंपावर एक ट्रक हवा भरून घेत होता. धारवाला नाक खाजवत होता. मामांना एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात त्यांना आठवला उस्ताद; थंडीचा, धुक्यातला, एका डोळ्याचा. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की सकाळी पाण्याच्या हौदावर साय धरायची बर्फाची. उस्तादची बोटं निळी पडायची, काही लागायचं नाही. तेव्हा म्हातारा काय करायचा, तर वासराचं डोकं दोन हातांत धरून त्यावर ओठ टेकवायचा. खालचा ओठ. सावकाश फिरवायचा, जसं तान्ह्याचा ताप बघतात. पोरं फिदीफिदी हसायची. उस्ताद म्हणायचा, "हसा. हात म्हातारे होतात, खोटं बोलतात. ओठ म्हातारे होत नाहीत, त्यांना फक्त खाणं आणि मुका एवढंच ठाऊक." मामा तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

ते उठले. पेला धारवाल्याच्या हातात दिला आणि गेले तसे पचक पचक परत आले. बाई तिथंच होत्या, सात नंबरच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनी मनातल्या मनात भट्टीपर्यंत जाऊन यायचं काम चार वेळा केलंय.

"बाई, एक सांगायचंय. कागद खाली ठेवा आधी."

"आहे ना कोंब? सांगून टाका मामा. मी रडणार नाही."

"कोंबाचं नंतर. माझा अंगठा मेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मेलाय. चार वर्षं झाली. सुई टोचून बघा, हूं की चूं करणार नाही."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, पांढऱ्या कातडीवर नख रोवलं, मामांच्या तोंडाकडे बघितलं. मामा शांत. बाईंनी नख आणखी रोवलं. "अहो, सोडा, नख मोडेल तुमचं," मामा म्हणाले.

"पण चार वर्षांत सात-आठशे वासरं... एकही चुकलं नाही! कसं केलंत तुम्ही?"

"डोळ्यांवरून. कोंब दाबला की वासरू डोळा मिटतं."

"आणि हिनं मिटला."

"मिटला. पण खरं मिटला का मला मिटलेला दिसायला पाहिजे होता, ते देव जाणे. ही बारा पास झाली की माझी डागणी अडगळीत. माझ्या साक्षीला आज काही किंमत नाही बाई. लबाड माणसाची साक्ष आहे ती."

बाईंनी कागद परत उचलला. मागं धारवाला येऊन उभा राहिला होता, हातात रिकामा पेला. त्याचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा उघडं असून बंद होतं. बाई म्हणाल्या, "हे मला कागदावर लिहावं लागेल मामा. तुमच्या अंगठ्याचं."

"लिहा. स्पष्ट अक्षरात लिहा. मला वाचता येणार नाही, पण लिहा."

"आणि आता मी काय करू? चारच्या आत कागद गेला पाहिजे. दुसरा हात आणू कुठून?"

"हात नको," मामा म्हणाले. "तो उद्या डागायचा साधा गोऱ्हा आहे ना पलीकडे, तो आणा आधी."

धारवाल्यानं गोऱ्हा आणला. दांडगा, काळा, लाथा झाडणारा. मामा गुडघ्यांवर बसले, त्याला कोपऱ्यात घेतला, त्याचं डोकं दोन तळव्यांत धरलं, डोळे मिटून घेतले, कारण आज डोळ्यांचं काम नव्हतं, आणि खालचा ओठ त्याच्या डोक्यावर टेकवला. केस. प्रत्येक केस निराळा. दुधाचा आंबूस वास, ऊब, कातडीखाली धडधडणारी एक बारीक शीर. आणि कानाच्या वर, जरासं पुढं, तो. मसूर. गोल, टणक, खाली जरा सरकणारा. मामांचा ओठ तिथंच थांबला. चार वर्षांनी. गावाला गेलेला माणूस परत यावा आणि त्यानं 'काय, बरं आहे ना?' विचारावं, तसं काही तरी झालं. त्यांना तिथून हलावंसंच वाटेना. गोऱ्ह्यानं लाथ मारली तेव्हा हलले.

"आहे," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना. हे आता मला समजलं, असणं म्हणजे कसं लागतं. आता हिला आणा."

सात नंबर आली. मामांनी तिचं डोकं धरलं. आता पोटात धस्स नव्हतं, साखरही नव्हती, नुसता एक म्हातारा होता आणि त्याचा ओठ. डावीकडून सुरुवात केली. भोवरा. भोवऱ्याच्या कडेनं वर. कानाच्या पुढं. हाड गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखं. परत फिरले, इंच इंच, घाई न करता, जिथं अंगठा ठेवला होता तिथं तर तीनदा. काही नाही. उजवीकडे काही नाही. पण त्यांचा गाल तिच्या गालाला लागलेला होता आणि गालाला कळत होतं: ती पापणी फडफडत होती. ओठ टेकवला, फडफड. ओठ उचलला, फडफड. नुसता श्वास सोडला, फडफड. धारवाल्यानं पेला खाली ठेवला, ठक् झालं, फडफड. मामांनी डोळे उघडले आणि दोन इंचांवरून तिच्याकडे बघितलं. तिनं मामांकडे बघितलं आणि एक डोळा मिटला.

"च्यायला," मामा म्हणाले. "हिला शिंग नाही. नुसते नखरे आहेत."

"मामा, नक्की?"

"ओठानं सांगतोय बाई, अंगठ्यानं नाही. लिहा, नाही."

बाईंनी लिहिलं. मग मामा म्हणाले, "पहिली सहा पण परत आणा. आणि राहिलेली पाच. ती सहा मी मेल्या अंगठ्यानं पास केलीत, त्यांचा काय गुन्हा?" म्हणून मग दुपारपर्यंत त्या गोठ्यात असं चाललं होतं की एक साठीला टेकलेला माणूस ओळीनं कालवडींचे मुके घेतोय, एक डॉक्टर पाटी धरून उभी आहे आणि एक धारवाला जोरजोरात मोजतोय. "आठ! मामा, मामींना सांगू का?" "सांग. म्हणावं, बादली मोठी आण." "नऊ!" मामांच्या ओठाला केस चिकटले, मिशीत लाळ गेली, कंबर धरली. प्रत्येक डोकं गुळगुळीत. प्रत्येक वेळी तो शब्द त्यांच्याच तोंडून निघत होता, 'नाही', आणि प्रत्येक 'नाही'बरोबर काहीतरी एक विटेएवढं निखळत होतं, हे त्यांना कळत होतं. पण भिंत पडते आहे म्हणून ते घाबरत होते म्हणाल तर नाही. भिंतीपलीकडे हवा होती. बारावं झालं तेव्हा घड्याळात दोन वाजले होते. बाईंनी कागद मामांपुढं केला, खाली बोट दाखवलं. मामांनी पेन घेतलं आणि दुसरीपर्यंतच्या सगळ्या शिक्षणाचा जोर लावून आपलं नाव लिहिलं. ओळ जरा चढाला लागली होती, पण अक्षरं सगळी होती.

"फाटकावर पाठवतील का हो मला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. मी त्यांना सांगेन काय झालं ते."

"सांगा. त्या काळ्या गोऱ्ह्याचं मात्र उद्या मलाच करावं लागेल, हे पण सांगा. दुसऱ्या कुणाला ओठ नाहीत."

बाई कागद घेऊन कचेरीकडे पळाल्या, अगदी पोरीसारख्या. धारवाल्याच्या धारेची वेळ झाली होती, तो गेला. बारावी कालवड अजून मामांच्या गुडघ्यांत होती. तीस वर्षं असं होत आलं होतं की गुडघे उघडले, पाठीवर एक थाप मारली, की वासरू बंदुकीच्या गोळीसारखं सुटायचं, थेट दुसऱ्या टोकाला, आणि पुढं मोठं होऊन त्याची गाय झाली तरी मामा दिसले की दोन पावलं मागं सरायचं. मामांनी गुडघे उघडले. थाप मारायला हात वर केला, आणि मग तो तसाच खाली ठेवला, आपल्याच मांडीवर. कालवड कुठं गेली नाही. तिनं मान वळवली, मामांच्या सदऱ्याचं खालचं बटण तोंडात घेतलं आणि सावकाश, मन लावून चोखायला लागली. दोरा तुटणार हे मामांना दिसत होतं. बायको बोलणार हेही. ते बसून राहिले.